कॅसिनो कुठे असावा?

(सोलापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



कॅसिनो असावा की नसावा, हा प्रश्न गोव्यात केव्हाच मागे पडला आणि तो कुठे असावा याचाच वाद उरला. गोव्याच्या जुगारविषयक कायद्यात 1992 साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट मिळाली, 1996 साली जहाजांवरील जुगाराला. समुद्राच्या नावाने परवाने मिळालेली जहाजे प्रत्यक्षात पणजीसमोर मांडवीच्या पात्रात नांगर टाकून बसली. ती हलविण्याची आश्वासने एकामागून एक आलेल्या सरकारांनी दिली. विरोधात असताना ज्यांनी मोर्चे काढले, त्यांनीच सत्तेवर आल्यावर मुदतवाढी दिल्या. पुढे मोपा विमानतळाच्या परिसराचे नाव निघाले. पणजीला जे नको, ते आपल्या माथी का, असा प्रश्न पेडणे तालुक्यात उठावा हे स्वाभाविकच होते.

महाराष्ट्राचा इतिहास याहून चमत्कारिक आहे. कॅसिनोंचे नियंत्रण व त्यांवरील कर यांसंबंधीचा कायदा येथे 1976 साली झाला. म्हणजे आणीबाणीत, जेव्हा विरोधी पक्षांचे कित्येक नेते तुरुंगात होते! तो कधीच अमलात आला नाही आणि 2023 साली रद्द झाला. मधल्या काळात तो अमलात आणण्याची मागणी अधूनमधून होई. गोव्याला जाणारा पैसा महाराष्ट्रातच राहील, हा त्या मागणीचा मुख्य आधार.

या सगळ्या वादात सोलापूरचे नाव कोणी घेत नाही. तरीही हा प्रश्न सोलापूरचा आहे. त्याचे कारण कॅसिनोच्या दारावरच्या नियमांत सापडते. मोनाकोचे नागरिक मोनाकोच्या जुगारगृहात खेळू शकत नाहीत. सिंगापूरमध्ये 2010 साली कॅसिनो उघडले, तेव्हा परदेशी पाहुण्याला प्रवेश मोफत होता, पण नागरिकाला दिवसाचे 100 डॉलर मोजावे लागत. 2019 साली ते 150 झाले. गोव्याने 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना जुगाराच्या दालनात बंदी केली. याचा अर्थ सरळ आहे. या खेळाने घर बुडते हे परवाना देणाऱ्याला पुरते ठाऊक असते; बुडणारे घर आपल्या मतदाराचे नसावे, एवढीच त्याची काळजी. मग ते कोणाचे असावे? शेजाऱ्याचे. जून 2025 मध्ये सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू झाली. तिने जाणारे बहुतेक लोक समुद्र पाहायलाच जात असतील. परंतु ते दारही आता तेवढेच जवळ आले आहे.

खेळाचा हिशेब साधा आहे. रूलेटच्या युरोपीय चाकावर 37 घरे असतात. प्रत्येक घरावर एकेक रुपया लावला, तर 37 रुपये जातात आणि जिंकलेल्या घराचे 36 परत येतात. एक रुपया मालकाचा, प्रत्येक फेरीला, रात्रभर. येथे नशीब फक्त खेळणाऱ्याला असते, मालकाला त्याची गरज नाही.

रोजगार मिळेल, हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. निदान सोलापुरात तरी नाही. 1877 साली सुरू झालेली येथील जुनी गिरणी 1963 साली बंद पडली, पुढे इतर गिरण्याही गेल्या. यंत्रमाग आणि हजारी दराने विड्या वळणाऱ्या बायका, यांच्यावर हजारो घरे चालत आली. अशा गावात नोकरीचे नाव काढले की लोक कान टवकारतात. पण गिरणीतून कापड निघत होते. कॅसिनोत पगार मिळतो तो दुसऱ्या कोणाच्या पगारातून. मटक्याचा उगमही कापसाचाच: मुंबईत आरंभी न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचे भाव कितीला उघडतात नि कितीला बंद होतात, यावर पैज लागे. पुढे भावाची जागा मडक्यातून काढलेल्या चिठ्ठीने घेतली. मडक्याला कापूस लागत नव्हता, गिरणी कामगाराचा पगार मात्र लागत होता.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. नदीतली जहाजे त्या कायद्याच्या बाहेर राहिली. ती मांडवीत राहोत वा मोप्याला जावोत, सोलापूरच्या घराला त्याने फरक पडत नाही. फरक पडेल तो एका गोष्टीने. सिंगापूरमध्ये जुगाऱ्याच्या कुटुंबीयांना अर्ज करून त्याचा प्रवेश रोखून घेता येतो. महाराष्ट्र सरकारने गोव्याकडे हाच हक्क मागावा: संसार बुडू लागलेल्या स्त्रीने सोलापुरातून अर्ज करावा आणि तिच्या नवऱ्याला पणजीच्या धक्क्यावर अडवले जावे. गोमंतकीयाला ज्या दारात ओळखपत्र पाहून अडवता येते, त्या दारात हेही करता येईल.