धरण हलतं का?



धरण म्हटलं की जागचा न हलणारा डोंगरच डोळ्यांपुढं उभा राहतो. पण खरं सांगायचं तर प्रत्येक धरण थोडंफार हलतं. पावसाळ्यात जलाशय भरला की पाण्याच्या रेट्यानं काँक्रीटची भिंत काही मिलिमीटर पुढं झुकते; पाणी उतरलं की मागं येते. मातीचं धरण वर्षानुवर्षं दबत जातं. या हालचालीचं भय नाही. भय आहे ते नेम सोडून होणाऱ्या हालचालीचं.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात हाहाकार उडाला. त्याआधी भराव खचत होता, जवान वाळूची पोती रचत होते. खचणं डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलं, तर फार उशीर होतो.

म्हणून मोजमाप हवं. भिंतीच्या पोटात सोडलेली लांब तार म्हणजे गवंड्याचा ओळंबाच. भिंत किती कलली ते ती सांगते. भरावातल्या पाण्याचा दाब पीझोमीटर दाखवतो. झिरपणारं पाणी खाचेच्या पट्टीवरून मोजतात.

आता आकाशातूनही नजर ठेवता येते. इस्रो आणि नासा यांचा ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. दर बारा दिवसांनी त्याच जागेवर रडारच्या लहरी सोडायच्या आणि परतलेल्या लहरी आधीच्यांशी ताडून पाहायच्या, अशी ही रीत आहे. अनेक फेऱ्यांच्या नोंदींतून मिलिमीटरांतला फरकही उमगतो. रात्र असो वा ढग, अडचण नाही. पण दाट झाडोऱ्यात खूण पुसट होते, आणि काही तासांत ओढवणारं संकट दोन फेऱ्यांच्या मधेच निसटतं. म्हणजे धरणावरची उपकरणं आणि माणसं हवीतच.

शेवटचं काम गणिताचं. आजच्या पाण्याला आणि उन्हाला भिंत किती झुकायला हवी, हे संगणक सांगतो. प्रत्यक्ष आकडा त्याहून वेगळा निघाला, तर कारण शोधायचं.

गुरुजींनो, धरण पाहायला मुलांना न्याल तेव्हा हे जरूर दाखवा. आणि धरणाखालच्या गावकऱ्यांनो, पायथ्याचं झिरपणारं पाणी एकाएकी वाढलं किंवा गढूळ झालं, तर भरावाची माती वाहत असेल. ती खबर उद्यावर टाकू नका. त्याच घटकेला धरणावरच्या अभियंत्याला गाठा.