निजामाच्या रेल्वेचा बंब आणि आपली वाळूची बादली

(अग्निशमन सप्ताहात रायपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. तेथे इंजिने आणि राजेरजवाड्यांचे डबे पाहायला गर्दी होते. आपण कामगारांनी मात्र तेथील आगीचा जुना बंब अवश्य पाहावा. इंग्लंडमधील जॉन मॉरिस अँड सन्स या कारखान्याने १९१४ साली बांधलेला हा बंब निजामाच्या रेल्वेकडे होता. मनमाड-परभणी-नांदेड हा मार्ग ज्या रेल्वेचा होता, तीच ही रेल्वे. दिल्लीच्या जुन्या मोटारींच्या रॅलीतही तो धावला आहे.

यंत्र जपले, हे चांगलेच झाले. परंतु बंब आपोआप आग विझवीत नाही. त्यावर माणसे चढावी लागतात.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी! दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असताना गेले. म्हणून १४ ते २० एप्रिल हा सप्ताह आपण पाळतो. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती. १९४४ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते.

या घटनेत आपल्यासाठी धडा आहे. कापसाची गाठ आतून धुमसते. वरून पाणी मारले तरी आतला विस्तव जिवंत राहतो. सॉर्टिंगमधल्या टपालाच्या थैल्या आणि कागदाचे गठ्ठे असेच धुमसतात. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात गॅस कटिंगची ठिणगी गोणपाटावर किंवा तेलकट चिंध्यांवर पडते. पाळी सुटते, सगळे घरी जातात आणि मग धूर निघतो. म्हणून काम संपल्यावर निदान अर्धा तास तेथे एक माणूस नजर ठेवायला हवा. त्या अर्ध्या तासाची मजुरी मिळालीच पाहिजे.

बंब येईपर्यंतची पहिली पाच मिनिटे आपली असतात. तेवढ्या वेळात काय करायचे, हे प्रत्येकाला ठाऊक हवे. तेलाच्या आगीवर पाणी मारू नका, वाळू टाका. २५,००० व्होल्टच्या तारेखाली करंट बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय पाणी मारू नका. नाहीतर विझवणाराच जाईल. वाळूच्या बादलीत विड्यांची थोटके आणि पानाची पिंक टाकायची सवय सोडा. आग विझवण्याच्या नळकांड्यावर डबा-पिशवी अडकवू नका.

आता प्रशासनाला सांगणे. नळकांडे कुलपात ठेवायचे आणि किल्ली साहेबांच्या घरी, हा प्रकार बंद करा. प्रत्येक पाळीत शिकवलेले स्वयंसेवक असू द्या. त्यांचे शिक्षण कामाच्या वेळेत आणि पगारी हवे. ठेकेदाराच्या मजुरालाही तेच शिक्षण द्या. आग मस्टर पाहून माणूस निवडत नाही!

उद्या आपापल्या जागी जाऊन बादलीत हात घालून पाहा, वाळू कोरडी आहे का. नसेल तर युनियनकडे लेखी तक्रार द्या. पाठपुरावा आम्ही करू.

कामगार एकजुटीचा विजय असो!