बागेतील शाळा : इराणची परंपरा आणि डिचोली-पेडण्याची भूमी

इ. स. १४७२ हे वर्ष दख्खनच्या इतिहासात दोन कारणांनी स्मरणात राहते. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने त्या वर्षी विजयनगरच्या ताब्यातून गोवे जिंकून घेतले. आणि त्याच सुमारास बीदर येथे त्याने उभारलेले विद्यालय पूर्ण झाले. गवान हा मूळचा उत्तर इराणातील गिलान प्रांताचा. साहजिकच विद्यालयाचा आराखडाही तिकडचाच झाला. मध्यभागी मोकळा चौक, चारी बाजूंच्या मध्यावर उंच कमानीचे एकेक दालन, आणि सभोवार तीन मजल्यांत वर्ग, ग्रंथालय व विद्यार्थ्यांच्या खोल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने या वास्तूचा मोठा भाग ढासळला. तथापि उरलेल्या भागावरूनही चौक हाच तिचा प्राण होता, हे ध्यानी येते.

खुद्द इराणात या कल्पनेला बागेची जोड मिळाली. इस्फहान येथील चहारबाग विद्यालय अठराव्या शतकाच्या आरंभी बांधले गेले. त्याच्या चौकातून पाण्याचा पाट वाहतो आणि त्याच्या काठी चिनार वृक्षांची सावली पडते. काशान येथील आगा बोझुर्ग या एकोणिसाव्या शतकातील वास्तूत तर चौकाच्या मध्यभागी जमीन खोल उतरवून तेथे झाडे लावली आहेत आणि सभोवार खोल्या आहेत. ‘बाग’ व ‘बगीचा’ हे मराठीत रुळलेले शब्द फारसीच आहेत. चार भागांत विभागलेल्या बागेची ही परंपरा सम्राट सायरसच्या पासारगादे नगरीपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षे मागे जाते.

परंतु अशी शाळा गोव्यात बांधावयाची तर इराणची नक्कल उपयोगी नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. याझ्दसारख्या शहरी वर्षाकाठी जेमतेम ६० मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर. तेथील कोरड्या हवेत हौदाचे पाणी वाफ होताना चौक थंड करते. येथील दमट हवेत हौदाचा तो गुण फारसा येत नाही. उलट डासांची पैदास होते आणि लहान मुलांच्या जिवास धोका राहतो. घुमट व सपाट गच्ची यांचे आषाढात काय होईल, हे सांगावयास स्थापत्यविशारदाची गरज नाही!

घ्यावयाचे ते तत्त्व. आणि ते तत्त्व गोव्याला परके नाही. जुन्या हिंदू घरांतील राजांगण म्हणजे उघडा चौकच होय. मध्ये तुळस, भोवती खांबांची पडवी आणि पडवीतून सर्व खोल्यांना उजेड व वारा. कुळागर हीदेखील पाटावर पोसलेली बागच. झरीचे पाणी पाटाने फिरते. माडाखाली पोफळ, पोफळीखाली केळ, खोडावर मिरवेल, अशी सावलीची उतरंड लागते. राजांगण आणि कुळागर एकत्र आणले की बागेतील शाळेचा आराखडा हाती येतो.

अशा शाळेत वर्ग एकेरी रांगेत असावेत, म्हणजे प्रत्येक वर्गाला दोन्ही बाजूंनी वारा मिळेल. चौक चारी बाजूंनी बंद न करता पावसाळी वाऱ्याच्या दिशेचा विचार करून एक बाजू खुली ठेवावी. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, छप्पर उतरते कौलारू आणि पडवी इतकी रुंद की पावसातही तेथे वर्ग भरवता यावा. चौकात सिमेंटच्या लाद्या घालण्याचा मोह आवरावा. लाद्या उन्हात तापतात व पाणी जमिनीत मुरू देत नाहीत. बकुळ, सोनचाफा, भिरंड, जांभूळ ही येथल्या मातीतली झाडे सावली देतात आणि शिक्षकाला वनस्पतिशास्त्राचा धडाही पुरवतात. फणस मात्र इमारतीपासून दूर लावावा.

खरा प्रश्न पाण्याचा. जांभ्या खडकातून पाणी झपाट्याने निचरून जाते आणि जूनमध्ये काठोकाठ भरलेल्या विहिरीचा एप्रिलमध्ये तळ दिसतो. डिचोलीत खनिज उत्खननाने डोंगर आणि झरे या दोहोंवर घाव घातला. तिळारीच्या कालव्यांनी पेडणे व डिचोलीच्या काही भागांना दिलासा दिला, तरी शाळेने आपल्या छपरावरचे पाणी वाया का घालवावे? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्या हिशेबाने दोनशे चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला सुमारे ६ लाख लिटर पाणी पडते. त्यातील थोडे झाकलेल्या टाकीत साठवावे व उरलेले उथळ दगडी पाटाने चौकातून नेऊन शोषखड्ड्यात, तेथून विहिरीच्या परिसरात मुरवावे. पावसाळ्यात वाहणारा हा पाटच येथला चहारबाग.

नव्या इमारतीची वाट पाहण्याचेही कारण नाही. जुन्या शाळांच्या आवारात पन्हळी, एक पाट आणि दहा-बारा झाडे एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. अडचण येते ती मे महिन्यात. शाळेला सुटी, आणि नेमकी तेव्हाच कोवळ्या रोपांना पाण्याची निकड. पहिली दोन-तीन वर्षे या काळात पाणी कोण घालणार, हे शिक्षक-पालक संघ व पंचायत यांनी रोपे आणण्यापूर्वीच ठरवावे आणि त्याचा खर्च इमारतीच्या अंदाजपत्रकातच दाखवावा.