सण लेकरांचा



परवा पोळा आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. म्हणून आज पाटी-पुस्तक थोडे बाजूला ठेवू आणि घरातल्या लहान लेकरांविषयी बोलू.

तुम्ही दिवसभर वावरात राबता. रात्री येथे येऊन अक्षरे गिरवता. हे कशासाठी, असे विचारले तर बहुतेक जण एकच उत्तर देतात, "पोरायसाठी." तेव्हा पोरांची गोष्ट ती तुमचीच गोष्ट.

मागच्या आठवड्यात एक शेतकरी भाऊ आम्हांस वाटेत भेटले. तोंड उतरलेले होते. आम्ही विचारले, "काय झाले?" ते म्हणाले, "काय सांगू गुरुजी! पोरगं नंदी मागते. शेजाऱ्यानं मोठा आनला. हाती तं पैसा नाही. आता कोनाजवळून तरी उसने काढा लागते."

"पोरगा किती वर्षांचा?"

"चार वर्साचा."

मंडळी, चार वर्षांच्या पोरासाठी बापाने कर्ज काढावे काय? आपण हिशेबच करून पाहू.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पोळा येतो तो अडचणीच्या दिवसांत. कापूस वावरात उभा असतो. बियाणे, खत, निंदण, फवारणी, सगळा पैसा मातीत गेलेला असतो. घरात पैसा येतो तो दसरा-दिवाळीनंतर, कापूस वेचून विकल्यावर. समजा, पोळ्याला २,००० रुपये व्याजाने काढले. व्याज महिन्याला शेकडा ५ रुपये. म्हणजे महिन्याला १०० रुपये. चार महिने पैसे फिटले नाहीत तर ४०० रुपये नुसते व्याज. पोरगा नंदी चार दिवस ओढतो. बाप व्याज चार महिने ओढतो.

"ऋण काढून सण करू नये" असे आपले जुने लोक म्हणत. संत गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातले. त्यांचा जन्म १८७६ सालचा. १९५६ साली ते वारले. दिवसा खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. सणासाठी कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, मुलांना शाळेत घाला, हे ते कीर्तनात पुन्हा पुन्हा सांगत. स्वतः शाळा शिकले नाहीत, पण गरिबाचा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता.

मग काय, सणच करू नये? नाही, नाही. सण जरूर करावा. पण लेकराला सणातून काय हवे असते, ते आधी नीट पाहावे.

तान्ह्या पोळ्याचेच घ्या. मोठ्या पोळ्याला आपण काय करतो? आदल्या सांजेला बैलाचा खांदा हळद आणि तूप लावून शेकतो. दुसऱ्या दिवशी त्याला धुतो, शिंगे रंगवतो, झूल घालतो, तोरणाखाली उभा करतो. घरी आणून पुरणपोळी चारतो. लेकरू हे सगळे डोळे मोठे करून पाहते. त्यालाही वाटते, आपला एक बैल असावा. तोरणाखाली आपणही उभे राहावे. म्हणून हा तान्हा पोळा. नागपूरचे दुसरे रघुजी राजे भोसले यांनी १८०६ साली तो सुरू केला, असे सांगतात. लेकरे लाकडाचे किंवा मातीचे बैल घेऊन घरोघर जातात. बायाबापड्या बैलाला ओवाळतात आणि लेकरांच्या हाती बोजारा ठेवतात. लेकराला तेवढ्यानेच राजा झाल्यासारखे वाटते.

आता सांगा, ह्यात मोठा नंदी कोठे आला? लेकराला बापासारखे व्हायचे असते. ते काम मातीच्या बैलानेही होते.

मातीचा बैल करायला आज रात्रीच घ्या, म्हणजे दोन दिवस वाळेल. आपली काळी माती वाळली की भेगाळते, हे तुम्हांस सांगायला नको. म्हणून माती चाळून घ्या. तीत थोडे शेण आणि जरासा कापूस पिंजून मिसळा. चांगली मळा. पायांत पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या काड्या घाला. बैल सावलीत वाळवा, उन्हात नको. मग गेरू, चुना, हळद आणि कोळसा, एवढ्यात चार रंग झाले. ज्वारीचा धांडा असला तर त्याची बंडी करा. हा सगळा खर्च किती? चार आणेसुद्धा नाही!

पण एक अट आहे. बैल तुम्ही एकट्याने करू नका. लेकराला मातीत हात घालू द्या. त्याने केलेला बैल वाकडा होईल. एक शिंग वर जाईल, एक खाली. होऊ द्या. तुम्ही सरळ करायला जाऊ नका. तो त्याचा बैल आहे. आणि मुलगी असली तर तिलाही बैल द्या. वावरात निंदण आणि वेचणी बायाच करतात ना? मग तान्ह्या पोळ्यात पोरीने मागे का राहावे?

आम्ही हे मोठ्या शहाणपणाने सांगत आहोत, असे समजू नका. आम्ही हे चुकून शिकलो आहोत. ती चूक आज तुम्हांस सांगतो.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत मुख्याध्यापक होतो. लोकांच्या पोरांना "शाब्बास" म्हणत होतो. घरी मात्र आमचा धाक मोठा. एका पोळ्याला आमच्या धाकट्या मुलाने मातीचा बैल केला. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. ओल्या मातीचा तो बैल घेऊन तो धावत आमच्याजवळ आला. आम्ही शाळेचे कागद तपासत बसलो होतो. मातीचे हात कागदाला लागले. आम्ही ओरडलो, "घाण कोठली घरात आणलीस! टाक ती बाहेर!" त्याने बैल बाहेर नेला आणि उकिरड्यावर ठेवला. रडला नाही. पण त्यानंतर त्याने आपले केलेले काहीही आम्हांस कधी दाखवले नाही.

आता तो मोठा झाला आहे. नोकरीला परगावी आहे. दिवाळीला येतो. आमच्यासाठी चांगले धोतर आणतो. पाया पडतो. पण दोन वाक्ये झाली की दोघांनाही पुढे काय बोलावे ते सुचत नाही. कागद कधीच रद्दीत गेले. तो बैल मात्र आमच्या डोळ्यांपुढून जात नाही.

मंडळी, लेकरू केलेली वस्तू घेऊन आपल्याकडे येते, तेव्हा ते आपले मन घेऊन येते. काम दोन मिनिटे थांबते. लेकरू मात्र थांबत नाही. मोठे होते आणि निघून जाते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पोराला काय समजते? पुष्कळ समजते. सरकारने २०२० साली नवे शैक्षणिक धोरण काढले. त्यात लिहिले आहे की मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. म्हणजे रुपयातले ८५ पैसे शाळेआधीच तुमच्या अंगणात खर्च होतात. तेव्हा त्या मुलाशी बोलणारे, खेळणारे, त्याला चार गोष्टी सांगणारे घरात कोणी तरी पाहिजे.

ताराबाई मोडक यांनी हे फार आधी ओळखले. १९४५ साली त्यांनी बोर्डी ह्या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. परदेशी पद्धतीची बालशाळेची साधने फार महाग होती. खेड्यात ती कोठून आणावी? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया घेतल्या. त्यांवर लेकरे मोजायला शिकली, रंग ओळखायला शिकली. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पोरे गुरांमागे जात, तर शाळाच कुरणात नेली. मुलांना शिकवायला पैसा लागतो, ही समजूत ह्या दोन बायांनी खोटी ठरवली.

आपल्या सणांतही अशी बिनपैशाची साधने भरपूर आहेत.

भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाई बसतात. कोजागरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणतात. शेवटी डबा वाजवून खिरापत ओळखायला लावतात. लहान्या पोरीला डब्याजवळ बसवा. गोड की तिखट, गोल की चपटे, असे विचारा. तिची बुद्धी चालेल. पुसद, दारव्हा, दिग्रसकडे बंजारा तांडे आहेत. तेथे दिवाळीला मुली हाती दिवा घेऊन घरोघर 'मेरा' करायला जातात. थोरांना शुभ चिंततात. त्यांना फटाका लागत नाही.

संक्रांतीनंतर लहान्यांचे बोरन्हाण करतो. बोरे, मुरमुरे, उसाचे तुकडे डोक्यावरून ओततो. पोरांची धांदल उडते. जरूर करा. पण फुटाणे, शेंगदाणे, बोराची बी लहान लेकराच्या श्वासनळीत अडकते. जीवही जातो. म्हणून चार-पाच वर्षांच्या आतील लेकराच्या तोंडात अशी वस्तू जाऊ देऊ नका. एका मोठ्या माणसाने डोळ्यांत तेल घालून जवळ बसावे.

होळीच्या सुमारास आपले रान पळसाने लाल होते. लेकराला सोबत न्या. पडलेली फुले वेचा. गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवा. सकाळी केशरी रंग तयार! पण तो रंग फवारणीच्या रिकाम्या डब्यात करू नका. तो डबा कितीही धुतला तरी विषाचाच. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली. ते आपण विसरलो नाही. म्हणून आणखी एक सांगतो. फवारणी करून आल्यावर लेकरू धावत येईल. त्याला तसेच उचलू नका. आधी साबणाने अंघोळ करा, कपडे बदला, मग मांडीवर घ्या.

सण वर्षातून दहा-बारा येतात. बाकीचे दिवस रिकामे जाऊ द्यायचे काय? लेकराला रोजच सण करता येतो. भाकरी करताना त्याला पिठाचा एक गोळा द्या. तुरीच्या शेंगा सोलताना दाणे मोजायला लावा. रात्री अंगणात चांदण्या दाखवा. मोबाइल हाती देऊन पोराला गप्प बसवणे सोपे आहे. पण मोबाइल त्याच्या प्रश्नाला "हो रे माझ्या राजा" म्हणत नाही. रोज दहा मिनिटे तुमची, एवढेच आम्ही मागतो.

आता एक कडू गोष्ट. पोळ्याच्या करीला काही घरांत बाटली येते. काही ठिकाणी पत्त्यांचा डाव बसतो. ज्या दिवशी लेकरू बैल सजवून दारात उभे असते, त्याच दिवशी बाप झिंगून पडलेला असतो. भावांनो, लेकरू हे विसरत नाही. पुढे पोळा म्हटले की त्याला बैल आठवत नाही, मायचे रडणे आठवते. निदान त्या एका दिवशी तरी लेकरासाठी शुद्धीवर राहा. एक दिवस जमले तर दुसराही जमेल.

आणि शेवटची गोष्ट. आपल्या जिल्ह्यात अशी घरे आहेत, जेथे कर्जापायी बापाने जीव दिला. त्या घरची माय एकटी राबते. त्या घरचे लेकरू तान्ह्या पोळ्याला दाराच्या आडून पाहत राहते. त्याला कोणी बैल करून देत नाही. परवा तुम्ही माती मळाल तेव्हा एक गोळा जास्त मळा. त्या लेकराला बोलवा. तोरणाखाली त्याचा बैल पुढे उभा करा. बोजारा आधी त्याच्या हाती ठेवा. ह्याला पैसा लागत नाही. गाव म्हणून एवढे आपण करू शकतो.

आता तुम्हांस घरचा अभ्यास देतो. तुम्ही सगळे आता अक्षरे लिहू लागला आहात. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी दारापुढे सडा घाला. रांगोळी घ्या. लेकराला जवळ बसवा आणि त्याचे नाव जमिनीवर मोठ्या अक्षरांत लिहा. मग त्याचे बोट धरून प्रत्येक अक्षरावरून फिरवा. म्हणा, "हे तुझे नाव. हे तुझ्या मायने लिहिले." एखादी मात्रा चुकली तरी चालेल. वर्गात या, आम्ही सुधारून देऊ.

त्या शेतकरी भावाला आम्ही हेच सांगितले. काल तो पुन्हा भेटला. हात मातीने भरलेले होते. हसून म्हणाला, "गुरुजी, बैल झाला. पन पोरगं म्हन्ते, एकानं भागत नाही. जोडी पाह्यजे!"

आम्ही म्हणालो, "मग बसा पुन्हा. माती पुष्कळ आहे."