विद्यापीठाने मोहल्ल्यात यावे



लालबाग राजवाड्यावरून मी रोज शाळेला जातो. जवळूनच खान नदी वाहते. उन्हाळ्यात तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मुसळधार पावसात मात्र काठच्या वस्त्यांतील माणसे रात्री उठून पाणी कोठवर चढले ते पाहतात. पाणी प्रथम कोणत्या उंबऱ्याशी येते, हे तेथील म्हातारीला ठाऊक असते. ते का चढते व त्यावर उपाय कोणता, हे महाविद्यालयातील प्राध्यापक जाणतात. या दोघांची गाठ सहसा पडत नाही.

या नगरात ती एकदा पडली होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इंदूर प्लेगने गांजले होते. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितांना पाचारण केले. ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवू लागले. गेडिस गल्लीबोळ पायी हिंडले. नकाशा घेऊन फिरणाऱ्या या साहेबाची लोकांना प्रथम धास्तीच वाटे. तेव्हा त्यांनी दिवाळीत मिरवणूक योजिली आणि जाहीर केले, की ज्या भागातील घरे अधिक स्वच्छ व नीटनेटकी, त्याच भागातून ती जाईल! मग काय विचारता, घरोघर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमाही निघाली. हुकमाने जे झाले नसते, ते लोकांनी आपण होऊन केले.

१९१८ च्या आपल्या अहवालात गेडिस यांनी जुन्या विहिरी बुजवू नका, असे बजावले. नळयोजना कितीही उत्तम असो, ती कधी ना कधी बिघडणारच. त्या वेळी विहिरी म्हणजे नगराचा आयुर्विमा, असा त्यांचा अभिप्राय होता. आज इंदूरचे पाणी मुख्यतः नर्मदेवरून, सुमारे सत्तर किलोमीटरांवरून, पंपांनी चढवून आणतात. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या सल्ल्याचे मोल कळते.

आणि आपण विहिरींचे काय केले? ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बेलेश्वर महादेव मंदिरातील बावडीवरचे छत कोसळले व ३६ माणसे दगावली. खाली बावडी आहे, हे जुन्या रहिवाशांना माहीत होते. छत किती भार पेलेल, हे अभियंता सांगू शकला असता. ही दोन ज्ञाने वेळेवर एकत्र आली नाहीत.

इंदूरला १९६४ पासून विद्यापीठ आहे. अभियांत्रिकी विद्यालये तर त्याआधीपासून आहेत. एकेका महाविद्यालयाने एकेक मोहल्ला आपला मानावा. विद्यार्थ्यांनी वृद्धांपाशी बसून नकाशा काढावा: पाणी कोठे तुंबते, झाकलेली विहीर कोठे आहे, अंथरुणाला खिळलेले कोण आहे, त्याला कोणी उचलावयाचे, रात्री आसरा कोठे घ्यावयाचा. दरवर्षी मृगापूर्वी तो नकाशा पुन्हा तपासावा. मात्र तो प्रबंधात बांधून ग्रंथालयात ठेवू नये. मोहल्ल्यातील शाळेच्या भिंतीवर लावावा.

माझ्या वर्गाची भिंत त्यासाठी मोकळी आहे. विद्यापीठातील मित्रांनी एकदा येऊन ती पाहावी, एवढीच विनंती.