स्क्वेअर डान्स आणि आखडलेला हात



आम्ही अमेरिकेत शाळा शिकलेली मुले. तेथे वर्गबंधूंकडून होणाऱ्या छळाविषयी बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. तो छळ आम्हांस नीट कळला तो व्यायामाच्या तासाला, स्क्वेअर डान्स शिकताना.

या नाचात चार जोड्या चौरसाच्या चार बाजूंस उभ्या राहतात. 'कॉलर' ऐन वेळी चाल पुकारतो. 'ग्रँड राइट अँड लेफ्ट' म्हटले की एकदा उजवा, एकदा डावा हात देत पुढे सरकावयाचे. आमच्या डब्यास नाक मुरडणाऱ्यांना, आमची नावे मुद्दाम बिघडविणाऱ्यांनाही मग आम्हांस हात देणे भाग पडे. काहीजण बाही ओढून बोटे झाकीत. कोणी मारले नाही म्हणजे छळ झाला नाही, असा शिक्षकांचा हिशेब! घरी सांगत, 'दुर्लक्ष करा.' चौरसात दुर्लक्षास जागा कोठली?

हेन्री फोर्ड यांनी १९२० च्या दशकात या नाचाचा शाळांतून प्रसार केला, तो जॅझच्या तिटकाऱ्यापोटी. चाली पुकारण्याच्या प्रथेत मात्र गुलामगिरीतील कृष्णवर्णीय वादकांचा मोठा वाटा होता. वर्गात हे कोणी सांगितले नाही.

एकाने हात आखडला की आठहीजणांची साखळी तुटते. एकदा तशी तुटली, तेव्हा 'अरे, हात दे ना!' असे ओरडणारा मुलगा नावे बिघडविणाऱ्यांपैकीच होता. आमची मैत्री झाली, असे नव्हे. नाच तेवढा पुरा झाला.