वेळ किती, जागा किती? दोन ओळी लिहून ठेवू या

आम्ही आमच्या बचत गटांच्या संघाचा हिशेब संगणकावर ठेवतो. त्यासाठी पायथॉन भाषेत छोटी छोटी फंक्शनं आम्हीच लिहिली आहेत. आज आमचीच एक चूक सांगतो.

आमच्या पावत्यांचे क्रमांक बँकेच्या नोंदींशी ताडून पाहायचं एक फंक्शन होतं. शंभर पावत्यांवर करून पाहिलं, क्षणात झालं. कर्जवाटपाच्या दिवशी मात्र दोन्हीकडे 1 लाख नोंदी होत्या. जुना लॅपटॉप अडकूनच बसला. बाया लेकरं घेऊन ताटकळल्या, काहींचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडाला.

चूक कुठे होती? बँकेच्या नोंदी आम्ही 'लिस्ट'मध्ये ठेवल्या होत्या. लिस्टमध्ये एखादी गोष्ट आहे का, हे संगणक पहिल्यापासून एकेक करून बघतो. शंभराला शंभर म्हणजे जास्तीत जास्त 10 हजार तुलना. लाखाला लाख म्हणजे 1,000 कोटी!

त्याच नोंदी 'सेट'मध्ये ठेवल्या, की संगणक सहसा थेट जागेवर जातो. चिठ्ठी लावलेला डबा फळीवरून उचलावा तसं. एक लाख वेळा बघितलं की काम संपलं. फुकट मात्र काहीच नाही, सेटला मेमरी जास्त लागते.

फंक्शन काय करतं हे आम्ही लिहिलं होतं. त्याला किती वेळ नि किती जागा लागेल, हे लिहिलं नव्हतं. वापरणारीला ते बाहेरून कसं कळणार?

मोठ्या भाषांतही हा फरक दिसतो. सी++च्या मानकात क्रम लावणाऱ्या 'सॉर्ट'ने किती तुलनांत काम संपवावं, याची मर्यादा दिली आहे. सीच्या मानकात 'क्यूसॉर्ट'बद्दल तसं बंधनच नाही. पायथॉनमध्ये 'सॉर्टेड' नवी लिस्ट बनवतं, तर लिस्टचं स्वतःचं 'सॉर्ट' आहे तीच लिस्ट लावतं. म्हणजे जागेचा हिशेबही वेगळा.

आता आम्ही प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर दोन ओळी लिहितो. नोंदी दुप्पट झाल्या तर वेळ तेवढाच राहील, दुप्पट होईल की चौपट? जादा मेमरी किती लागेल? आणि 'नोंदी' म्हणजे नेमकं काय मोजलं, तेही सांगतो.

मैत्रिणींनो, तुमच्यातली कोणी प्रोग्राम लिहीत असेल, तर एवढं नक्की करा. उद्या ते फंक्शन दुसरीच कोणीतरी वापरेल आणि तिच्या दारात रांग उभी असेल.